जुन्या वास्तू आणि नांदती घरे : मुंबईच्या वास्तुजतनाचा मागोवा

वारसा म्हटले की मंदिरे, किल्ले व राजवाडे डोळ्यांसमोर येतात. परंतु ज्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या कुटुंबे नांदली, ज्यांच्या तळमजल्यावर पेढ्या आणि दुकाने चालली, ती घरेही शहराच्या इतिहासाची तितकीच मोलाची साधने होत. त्यांचे जतन हा केवळ सौंदर्यदृष्टीचा विषय नसून निवाऱ्याचा व उदरनिर्वाहाचा प्रश्न आहे, याची साक्ष मुंबईचा इतिहास देतो.

१८९६ साली मुंबईत प्लेगची साथ आली. त्यानंतर १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना झाली. दाट वस्तीतून रुंद रस्ते निघाले, दादर-माटुंग्याची आखीव वसाहत उभी राहिली. तरीही गिरगाव, काळबादेवी, भुलेश्वर या भागांतील चाळी माणसांनी भरलेल्याच राहिल्या. पुढे दुसऱ्या महायुद्धाच्या काळात घरटंचाई तीव्र झाली आणि १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने जुन्या घरांची भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर बांधून टाकली. या कायद्यामुळे सामान्य भाडेकरूचे छप्पर टिकले, हे त्याचे श्रेय निर्विवाद आहे. मात्र मिळणाऱ्या भाड्यातून डागडुजीही होईना. परिणामी माणसांना आधार मिळाला, पण वास्तू पोरक्या झाल्या.

पावसाळ्यात इमारती कोसळू लागल्या, तेव्हा १९६९ च्या कायद्यान्वये इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळ अस्तित्वात आले. उपकर भरणाऱ्या १९,६४२ इमारती त्याच्या कक्षेत आल्या. परंतु दुरुस्तीच्या खर्चास मर्यादा असल्याने मलमपट्टीपलीकडे फारसे काही साधले नाही.

खरा पेच पुढे निर्माण झाला. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील नियम ३३ (७) अन्वये उपकरप्राप्त इमारत पाडून नवी बांधणाऱ्यास वाढीव चटईक्षेत्र आणि भाडेकरूस मोफत मालकीचे घर मिळू लागले. त्याच नियमावलीत १९९५ साली नियम ६७ आला व वारसा वास्तूंना श्रेणीनिहाय संरक्षण लाभले. हक्क गमावणाऱ्या मालकास हस्तांतरणीय विकास हक्काची तरतूदही झाली. म्हणजे एकाच ग्रंथातील एक नियम पाडण्यास बक्षीस देणारा, तर दुसरा राखण्यास सांगणारा! दीडशे-दोनशे चौरस फुटांत आयुष्य काढलेल्या कुटुंबाने पहिल्याची वाट पाहिली, तर त्यास दोष कसा द्यावा?

केवळ यादीत नाव असल्याने वास्तू वाचत नाही, हे वॉटसन हॉटेल म्हणून बांधलेल्या एस्प्लनेड मॅन्शनने दाखवून दिले. १८६० च्या दशकातील ही लोखंडी सांगाड्याची इमारत. ७ जुलै १८९६ रोजी येथेच ल्यूमिएर बंधूंचे चित्रपट प्रथम दाखविले गेले. वारसा यादीत असूनही २००५ मध्ये तिचा काही भाग कोसळला आणि २०१९ मध्ये ती रिकामी करावी लागली.

याउलट ओव्हल मैदानाच्या पश्चिमेकडील १९३० च्या दशकातील आर्ट डेको इमारतींत आजही कुटुंबे राहतात. २०१८ मध्ये मैदानाच्या दोन्ही बाजूंच्या वास्तुसमूहाला जागतिक वारशाचा मान मिळाला. १९९३ पासून बंद असलेले गिरगावचे रॉयल ऑपेरा हाऊस २०१६ मध्ये पुन्हा उघडले. १९९९ पासूनच्या काळा घोडा महोत्सवाने त्या परिसरात कलावंत व ग्राहकांची वर्दळ वाढविली.

जुनी वास्तू दुरुस्त करताना खर्चाचा मोठा वाटा सुतार, गवंडी, लोहार अशा स्थानिक कारागिरांच्या हाती जातो. रहिवासी तेथेच राहिले तर दुकानाचे गिऱ्हाईक तुटत नाही. उत्तुंग इमारतीत घर मोफत मिळाले, तरी लिफ्ट-पंपाचा मासिक खर्च न पेलल्याने ते विकून शहराबाहेर जाण्याची वेळ अनेकांवर येते, हेही ध्यानी घ्यावे लागेल.

वास्तू टिकते ती आदेशाने नव्हे, तर तीत राहणाऱ्याला ती राखणे परवडते म्हणून. रास्त भाडे, दुरुस्तीस पुरेसे अर्थसाहाय्य आणि घरात आवश्यक सोयी यांची सांगड घातली गेली, तरच पूर्वजांची ही ठेव पुढील पिढीच्या हाती सुखरूप पोहोचेल.