दुखण्याची साक्ष

काही वर्षांपूर्वी वैद्यकीय अभ्यासक्रमाची एक विद्यार्थिनी माझ्याकडे आली होती. तिच्या हातात एक छापील तक्ता होता. जुनाट दुखण्याच्या रुग्णांना विचारायचे प्रश्न त्यात इंग्रजीवरून मराठीत आणलेले होते. ती म्हणाली, "सर, तुम्ही कविता लिहिता. हे शब्द बरोबर आहेत का, एवढं बघून द्या." मी वाचू लागलो. 'आपली वेदना स्पंदनात्मक आहे काय?' असा पहिलाच प्रश्न होता. शेजारच्या मावशी तेव्हा आमच्या ओट्यावर बसल्या होत्या. त्यांनी सारा जन्म कापूस वेचण्यात घालवला, त्यांचे गुडघे कधीचेच गेलेले. मी तो प्रश्न त्यांना वाचून दाखवला. त्या म्हणाल्या, "थे काय असते भाऊ? माहे गुडघे तं रातभर ठनकते."

त्या मुलीने लगेच 'ठणकते' हा शब्द लिहून घेतला. मग आम्ही तिघांनी मिळून यादीच केली. गळू ठसठसते, काटा सलतो, भाजलेले चुरचुरते, पोटात कळ येते, पाठीत उसण भरते, पायात गोळे येतात, मानेत चमक निघते, नांगे डसल्यावर आग आग होते. प्रत्येक शब्दाचे दुखणे वेगळे आहे. जाणत्या वैद्याला निम्मे निदान त्या शब्दातच सापडते.

श्रोते मित्रहो, हा शब्दांचा मामला वाटतो तितका हलका नाही. ताप मोजायला थर्मामीटर आहे, मोडलेले हाड क्ष-किरणांत दिसते, साखर रक्तात सापडते. दुखणे दाखवणारे यंत्र मात्र आजतागायत निघालेले नाही. तेथे एकच साक्षीदार असतो, तो म्हणजे ज्याला दुखते तो. ही साक्ष मानायला वैद्यकशास्त्राला फार वेळ लागला.

रोनाल्ड मेल्झॅक हे कॅनडातले मानसशास्त्रज्ञ. तरुणपणी त्यांना पाय गमावलेली एक वृद्धा भेटली. जो अवयव शरीराला उरलाच नव्हता, तो तिला दुखत होता आणि त्या दुखण्याचे वर्णन ती नाना शब्दांनी करीत असे. मेल्झॅक ते शब्द टिपून घेऊ लागले. पुढे इतर रुग्णांचे शब्दही त्यांनी जमवले. १९६५ साली पॅट्रिक वॉल यांच्याबरोबर त्यांनी एक नवा सिद्धांत मांडला. दुखापतीचा निरोप मेंदूकडे जाताना मज्जारज्जूत जणू एक फाटक लागते, ते कधी उघडते, कधी मिटते, असा त्याचा आशय होता. जखम तेवढीच असूनही दुखणे कमीजास्त का होते, हे त्यामुळे समजू लागले. १९७५ साली त्यांनी वेदनेची प्रश्नावली प्रसिद्ध केली. तिच्यात ७८ शब्द आणि त्यांचे २० गट होते. रोग्याने आपल्या दुखण्याचे शब्द निवडायचे आणि डॉक्टरांनी ते मोजायचे. रोग्याच्या तोंडचा शब्द प्रयोगशाळेत मान्य झाला तो असा. आमच्या ओट्यावरचा तक्ता याच घराण्यातला.

हे सारे ऐकताना मला माझ्या वर्गातला एक मुलगा आठवत होता. त्याचे नाव सांगत नाही. महिन्या-दोन महिन्यांनी तो आठवडाभर शाळेत यायचा नाही. थंडी पडली, पावसात भिजला, उन्हात खेळला की त्याचे हातपाय धरत. तो कळवळायचा आणि चार दिवसांनी पुन्हा चांगला दिसायचा. अंगावर जखम नाही, सूज असली तर थोडी. गुरुजी म्हणत, सोंग करतो. छडीही मिळे. आम्ही पोरे त्याला सोंगाड्या म्हणत असू आणि त्यात माझाही आवाज होता. दहावीच्या आधीच तो गेला. पुष्कळ वर्षांनी त्याच्या धाकट्या भावाचे रक्त तपासले, तेव्हा सिकलसेल हे नाव त्या घराला कळले.

या आजारात रक्तातील गोल, लवचिक तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात. त्या बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, पुढचा रक्तपुरवठा तुंबतो आणि हाडांत असह्य कळा सुरू होतात. थंडी, तहान, ताप, अतिश्रम हे त्याचे निमित्त. मे महिन्यातले यवतमाळचे ऊन आणि पाण्याची टंचाई ज्यांना माहीत आहे, त्यांना याहून अधिक सांगायला नको. आई आणि वडील दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक अपत्याला हा आजार होण्याची शक्यता चारांत एक असते.

अमेरिकेत जेम्स हेरिक यांनी १९१० साली या विळ्यासारख्या पेशींची पहिली नोंद प्रसिद्ध केली. भारतात १९५२ साली निलगिरीच्या आदिवासींत हा दोष आढळला. १९५८ साली नागपूरच्या डॉ. शुक्ला आणि डॉ. सोळंकी यांनी 'लॅन्सेट' या नामांकित नियतकालिकात मध्य भारतातल्या सिकलसेलविषयी लिहिले. म्हणजे माझा मित्र जन्मण्याआधीच नागपुरात हे ज्ञान होते. नागपूर ते यवतमाळ अंतर दीडशे किलोमीटरच्या आसपास. पण ज्ञानाला ते अंतर कापायला किती वर्षे लागली, हे त्याच्या आईला विचारावे.

उपचाराचीही अशीच कथा. हायड्रॉक्सीयुरिया हे औषध घेतले तर कळांचे झटके कमी येतात, हे अमेरिकेतल्या चाचणीत १९९५ साली सिद्ध झाले. आपल्याकडची मुले, आपल्याकडचा आहार, तपासणीची तुटपुंजी सोय, यांत ते कितपत चालेल? नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातील डॉ. दीप्ती जैन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ६० मुलांवर चाचणी केली. निम्म्यांना वजनाच्या दर किलोमागे १० मिलिग्रॅम इतक्या कमी मात्रेत औषध दिले, निम्म्यांना औषधासारखीच दिसणारी निष्प्रभ गोळी. औषध मिळालेल्या मुलांचे झटके खूप कमी झाले. हे निष्कर्ष २०१२ साली प्रसिद्ध झाले. विदर्भातल्या मुलांच्या कळांची मोजदाद विदर्भातच झाली, याचे मोल मला मोठे वाटते.

आणि झटका आलाच तर? तीव्र कळांवर मॉर्फिनसारखे औषध लागते. ते अफूपासून निघते. कायदेशीर अफूची शेती आपल्या शेजारच्या मध्य प्रदेशात होते. पण १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याने परवान्यांची अशी जाळी उभी राहिली, की व्यसन्याला अडवताना रुग्णही अडला. २०१४ साली कायद्यात दुरुस्ती होऊन वाट थोडी मोकळी झाली. तरीही कळवळत आलेल्या तरुणाकडे 'याला नशा तर हवी नाही ना' अशा नजरेने पाहणे संपलेले नाही. सोंगाड्या हा शब्द मेला नाही, त्याने फक्त कपडे बदलले.

आता या साऱ्यात मोबाइल आला आहे. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झाले. ७ कोटी लोकांची तपासणी, त्यांची संगणकावर नोंद आणि हातात कार्ड, अशी त्याची योजना आहे. २०१९ साली सुरू झालेल्या ई-संजीवनीमुळे दूरच्या डॉक्टरांशी पडद्यावरून बोलता येते. आमच्यासारखी कागदावर वाढलेली माणसे अशा गोष्टींकडे जरा संशयाने पाहतात. पण एका प्रयोगाने माझा संशय थोडा उतरला.

हा प्रयोग अमेरिकेतला, २००२ साली प्रसिद्ध झालेला. जुनाट दुखण्याच्या ८० रुग्णांना दिवसातून तीनदा दुखण्याची नोंद करायला सांगितले. निम्म्यांना कागदी वही दिली, निम्म्यांना हातात मावणारे छोटे यंत्र. वहीच्या आत एक प्रकाशमापक लपवला होता, वही केव्हा उघडली ते त्यावरून कळे. कागदवाल्यांनी सांगितले, आम्ही ९० टक्के नोंदी वेळेवर केल्या. प्रत्यक्षात वेळेवर होत्या ११ टक्के! बाकीच्या मागाहून आठवून भरलेल्या. यंत्रवाल्यांच्या ९४ टक्के नोंदी वेळेवर होत्या. रुग्ण लबाड नव्हते. दुखण्यात माणसाला वही सुचत नाही आणि ओसरल्यावर कालची कळ नीट आठवत नाही. यंत्र वेळेची आठवण देते आणि साक्ष ताजी असतानाच लिहून घेते. माझ्या मित्राकडे अशा तारीखवार नोंदी असत्या, तर गुरुजींना निदान दाखवता आल्या असत्या.

पण यंत्र विचारते शून्य ते दहा. मावशींना दहापैकी किती म्हटले, तर त्या म्हणतील, "काय सांगू भाऊ, लय दुखते." फोन बहुधा मुलाच्या खिशात असतो. कोलाम पोडावर रेंज असेलच असे नाही आणि तिथल्या आजीची मायबोली कोलामी. म्हणून यंत्रात आधी आपले शब्द घालावे लागतील आणि यंत्रापाशी आशाताईंसारखे ऐकणारे माणूस बसवावे लागेल.

वेदनेच्या अभ्यासकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२० साली वेदनेची व्याख्या सुधारली. माणूस आपल्याला दुखते असे सांगतो, त्याचा मान राखावा आणि ज्याला बोलून सांगता येत नाही त्यालाही दुखू शकते, असे तिच्या टिपांत नमूद आहे. आपल्या भाषेला हे जुनेच ठाऊक असावे. वेदना हा शब्द विद् म्हणजे जाणणे या धातूपासून आला. आमच्या घरात दुखण्याला दर्द म्हणतात. त्याच दर्दपासून मराठीने दर्दी हा शब्द घडवला आणि तो गाणे जाणणाऱ्याला दिला. दुखण्यालाही असे दर्दी हवेत.

ती विद्यार्थिनी पुन्हा आली, तेव्हा तक्त्यातला 'स्पंदनात्मक' गेला होता आणि त्या जागी 'ठणकते' आले होते. मी तिला एक शब्द खोडून ठेवायला सांगितला, जो तिच्या तक्त्यात नव्हता पण अनेकांच्या मनात असतो. सोंग.