भूऔष्णिक प्रतिरूपण प्रणाली

जमिनीखालील उष्ण पाण्याचा व उष्णतेचा प्रवास संगणकावर मांडून विहिरीचे उत्पादन आधीच अजमावणाऱ्या प्रणाली. महाराष्ट्रात अशा प्रणालीच्या निवडीचा प्रश्न कोकणातल्या गरम झऱ्यांपाशी उभा राहतो. गणेशपुरी-अकलोलीपासून तुरळ-राजवाडीपर्यंत हे झरे सह्याद्रीच्या पायथ्याशी उत्तर-दक्षिण रेषेत आहेत. दापोली तालुक्यातील उन्हवरे येथे पाणी सुमारे ७० अंश सेल्सिअसपर्यंत तापते.

लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेची ‘टफ२’ पाणी व वाफ दोन्ही एकत्र हाताळते, म्हणून लडाखमधील पुगासारख्या क्षेत्राला ती साजते. ‘फेफ्लो’ मुळात भूजलासाठी घडलेली, सान्त घटक पद्धतीची प्रणाली आहे. वाकडेतिकडे भ्रंश तिच्या जाळीत नीट बसतात. कोकणातले पाणी उथळ थरांत तरी द्रवच असल्याने तेथे तीच सोयीची ठरावी. ती परवान्याची आहे. ‘ओपनजिओसिस’ मात्र मुक्त आहे. ऑकलंड विद्यापीठाशी निगडित ‘वायवेरा’ही मुक्त असून अनेक प्रोसेसरांवर समांतर चालते. १९८८ पासून समांतर संगणन करणाऱ्या पुण्यातील सी-डॅकच्या ‘परम’ यंत्रांसाठी म्हणूनच ती विचारात घेण्याजोगी आहे.

कोणत्याही प्रणालीची खरी मदार खडकाच्या आकड्यांवर असते. बेसाल्टच्या अखंड थरातून पाणी जवळजवळ मुरत नाही, ते भेगांतून वाहते. भेगांची पारगम्यता चुकली, तर उत्तम प्रणालीचेही उत्तर चुकते. कोयना परिसरातील खोल वेधनात सुमारे सव्वा किलोमीटर बेसाल्टखाली ग्रॅनाइटी पाया लागला. अशी मोजमापे कोकणात झऱ्यांजवळ आधी व्हायला हवीत. प्रणालीची निवड त्यानंतर.