हिरवळीखालचा थर

घरापुढच्या हिरवळीवर चालताना पाय गादीवर पडल्यासारखा वाटत असेल, पाणी देऊनही गवत पिवळे पडत असेल, तर खुरप्याने तळहाताएवढा तुकडा कापून पाहावा. वर हिरवी पाती, खाली माती आणि दोहोंच्या मध्ये तपकिरी, तंतुमय जाळे दिसेल. मेलेली खोडे, मुळ्या, पात्यांचे बुडखे यांचा तो थर असतो. अर्धा इंचापर्यंत असेल तर तो ओल धरून ठेवतो. त्याहून जाड झाला की पाणी मातीपर्यंत पोहोचत नाही, मुळे त्या थरातच पसरतात आणि उन्हाळ्यात गवत होरपळते.

भाषेचा शिक्षक असल्याने माझे लक्ष आधी शब्दाकडे जाते. इंग्रजीत या थराला 'थॅच' म्हणतात आणि छप्पर शाकारायच्या गवतालाही हाच शब्द आहे. कोकणात पावसाआधी घरे शाकारत, ती पाणी आत येऊ नये म्हणून. हिरवळीवरही हा थर तेच काम करतो, फक्त तहानलेल्या मुळांच्या डोक्यावर.

हा थर साचण्यामागे एक इतिहास आहे. मोगलांच्या चारबागेत पाण्याचे पाट, फळझाडे आणि फुलांचे ताटवे असत. कातरलेल्या गवताचे पसरट मैदान हा तिचा केंद्रबिंदू नव्हता. १८९९ ते १९०५ या काळात व्हाइसरॉय असलेल्या लॉर्ड कर्झनने ताजमहालच्या बागेचा जीर्णोद्धार करवला, तेव्हा तिला इंग्रजी धाटणीच्या हिरवळीचे रूप मिळाले. खुद्द इंग्लंडमध्ये अशी हिरवळ राखणे हे आधी जमीनदारांचे काम होते, कारण ती विळ्यांनी कापायला माणसे लागत, नाहीतर मेंढ्या चारायला लागत. १८३० मध्ये एडविन बडिंग यांनी गवत कापण्याचे यंत्र तयार केले. कापडावरची लव कातरणारे गिरणीतले यंत्र पाहून त्यांना ते सुचले होते. त्यानंतर मध्यमवर्गीय घरापुढेही हिरवळ आली.

कापलेल्या गवतामुळेच थर साचतो, असा अनेकांचा समज असतो. पण कापलेल्या पात्यांत बहुतांश पाणी असते. ती लवकर कुजतात. कुजायला वेळ लागतो तो चिवट खोडांना आणि मुळ्यांना. ती वाढण्याचा वेग कुजण्याच्या वेगापेक्षा जास्त झाला की थर चढतो.

हे कुजवण्याचे काम कोण करते? चार्ल्स डार्विन यांनी १८८१ मध्ये गांडुळांवर पुस्तक लिहिले. इंग्लंडच्या अनेक भागांत एकरी वर्षाला दहा टनांहून अधिक माती गांडुळांच्या पोटातून जाते, असा त्यांचा हिशेब होता. याची उलट बाजू रोथमस्टेड येथे दिसते. तिथे १८५६ पासून एका कुरणाच्या तुकड्यांवर वेगवेगळी खते देऊन प्रयोग चालू आहे. ज्या तुकड्यांना चुना न देता वर्षानुवर्षे अमोनियम सल्फेट दिले, तिथली माती आम्ल झाली, गांडुळे नाहीशी झाली आणि न कुजलेल्या गवताची चटई जमिनीवर साचली.

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत स्फोटकांसाठी अमोनियम नायट्रेट बनवणारे कारखाने खताकडे वळले. त्याच काळात १९४७ पासून लेविटाउनसारख्या वसाहती उभ्या राहिल्या आणि घरोघरी हिरवळ आली. भरपूर नत्र, रोजचे पाणी आणि कीटकनाशके अशी निगा रूढ झाली. गोल्फच्या मैदानांवर तर गांडुळांनी वर आणलेली माती खटकते म्हणून त्यांना मारण्यासाठी लेड आर्सेनेटसारखे विष वापरले गेले. जो मजूर हा थर फुकट साफ करत होता, त्यालाच आधी मारले आणि मग थर खरवडण्याची यंत्रे विकत घेतली!

आपल्याकडेही तेच घडताना मी पाहतो. एका परिचितांनी पावसाळ्यात अंगणात गांडुळांची विष्ठा दिसताच माळ्याला फवारणी करायला सांगितले. माळी म्हणाला, "साहेब, ही आपल्याच कामाची आहेत." त्याचे कुणी ऐकले नाही.

हरळीच्या हिरवळीत थर साचला असेल, तर तो पावसाच्या तोंडावर काढावा, म्हणजे गवत लवकर भरून येते. आधी गवत आखूड कापावे, लोखंडी दाताळे आडवे-उभे ओढावे, निघालेला काडीकचरा खतखड्ड्यात टाकावा. मग चाळलेली माती आणि चांगले कुजलेले शेणखत यांचा पातळ थर पसरावा. युरिया कमी करावा. पाणी रोज शिंपडण्यापेक्षा अंतराने पण खोलवर द्यावे.

दाताळ्याने यंदाचा थर निघेल. पुढच्या वर्षी तो पुन्हा चढतो की नाही, हे मात्र आपण खालच्या मातीत कुणाला जगू देतो यावर ठरेल. म्हणून फवारणीचा पंप हातात घेण्याआधी माळ्याचे म्हणणे एकदा ऐकावे, एवढीच विनंती.