पाव, बर्गर आणि 'कुणाच्या हातचं?'

अमेरिकेहून आलं की सगळे विचारतात, "काय काय पाहिलंत?" नायगारा पाहिला, स्वातंत्र्यदेवीचा पुतळा पाहिला, न्यूयॉर्कच्या इमारती मान दुखेपर्यंत पाहिल्या. पण त्यावर इतक्या मंडळींनी इतकं लिहून ठेवलंय की माझी त्यात भर नको. मी आज लिहिणार आहे ते सँडविच आणि बर्गरबद्दल. हसू नका. तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला, तेव्हा तहाची कलमं आणि लढायांची सालं यातून ताटापर्यंत पोचायला वेळच मिळाला नाही. आता निवृत्तीनंतर कुणी पोर्शन विचारत नाही.

२०१८ च्या उन्हाळ्यात आम्ही दोघं लेकीकडे न्यू जर्सीतल्या एडिसनला होतो. एका रविवारी मी हट्टानं रोझेल नावाच्या गावी न्यायला लावलं. का, ते पुढे येईलच. गाडीनं अर्ध्या तासाचा रस्ता. येताना सगळ्यांना भुका लागल्या म्हणून जावयांनी एका 'डायनर'समोर गाडी थांबवली. डायनर ही न्यू जर्सीची खासियत. बाहेरून चकचकीत पत्रा, आत लाल गादीची बाकडी, लांबलचक काउंटर आणि त्यापुढे गोल फिरणारी स्टुलं. मेनूकार्ड दहावीच्या पुस्तकाएवढं! त्यात बर्गरचं पान वेगळं आणि सँडविचचं वेगळं. गोल पावात घातलेलं चिकन सँडविचच्या पानावर पाहून मी म्हटलं, हे इथे कसं? नात तेव्हा सातवीत होती. तिनं मास्तरीण होऊन समजावलं, "आजी, खिम्याची चपटी टिक्की असली तर बर्गर. चिकनचा अख्खा तुकडा असला तर सँडविच." आपल्याकडे गोल पाव दिसला की झाला बर्गर. व्याख्या पक्की असली की मला बरं वाटतं.

आम्ही दोघं शाकाहारी. ह्यांनी ग्रिल्ड चीज सँडविच सांगितलं, म्हणजे आपलं चीज घालून तव्यावर भाजलेलं सँडविच, आत टोमॅटोची चकती. मी काळ्या घेवड्याच्या टिक्कीचा व्हेजी बर्गर मागवला. वाढणारी बाई साठीच्या पुढची असावी, प्रत्येकाला 'हनी' म्हणत होती. लेकीनं तिला विचारलं, ही टिक्की गोमांसाच्याच तव्यावर भाजतात का? ती म्हणाली, तवा एकच आहे, पण मी वेगळ्या पॅनमध्ये करायला सांगते. वर तिनंच विचारलं, शेंगदाणे, अक्रोड वगैरे चालत नाहीत असं काही आहे का? कपाळाला आठी नाही, हसणं नाही.

बर्गर आला तो वीतभर उंच. वर दातकोरणं खोचलेलं. तोंड केवढं उघडायचं, हा प्रश्न मी नातीकडे बघून सोडवला. आधी तळव्यानं दाबायचा, मग दोन्ही हातांनी धरायचा आणि एकदा उचलला की संपेपर्यंत खाली ठेवायचा नाही. बाजूला 'पिकल' होतं. लोणचं म्हणून मी आशेनं चावलं, तर खारवलेली काकडी! तिखटाचा पत्ताच नाही. बर्गर मात्र झकास होता. टिक्कीला बाहेरून कुरकुरीतपणा, आतून मऊपणा, कांद्याची कच्ची चकती आणि ऊन ऊन पाव. ह्यांनी त्यांच्यातला एक तुकडा दिला, तोही संपवला.

या पदार्थांची कुळकथा थोडक्यात सांगते. इंग्लंडात अठराव्या शतकात सँडविचचा अर्ल म्हणून एक उमराव होता, त्याच्यावरून ते नाव पडलं. हॅम्बर्गर हे नाव जर्मनीतल्या हॅम्बुर्ग शहरावरून आलं. बर्गर पहिला कुणी केला यावर अमेरिकेत वाद आहेत. कनेटिकटमधल्या न्यू हेवन गावचं 'लुईज लंच' हे छोटं हॉटेल म्हणतं, आम्हीच, १९०० साली. गंमत अशी की तिथे आजही बर्गर गोल पावात देत नाहीत, भाजलेल्या दोन स्लाइसमध्ये देतात. कोल्हापूरकरांनी हे वाचून कॉलर ताठ करायला हरकत नाही. आपल्या मिसळीबरोबरही स्लाइसच असतो, पाव पुण्या-मुंबईचा! पुढे १९२१ मध्ये कॅन्सस राज्यातल्या विचिटात 'व्हाइट कॅसल' निघालं आणि पाच सेंटला बर्गर मिळू लागला. कामावरच्या माणसाला उभ्या उभ्या, एका हातात धरून खाता यावं, हे त्याचं मर्म. दादर स्टेशनबाहेर १९६६ साली अशोक वैद्यांनी वडा पावात घालून विकायला सुरुवात केली असं सांगतात, त्याचंही मर्म तेच.

पण माझ्या डोक्यात घोळत राहिला तो त्या बाईंचा प्रश्न. तुम्हाला 'काय' चालत नाही, एवढंच तिनं विचारलं. माझ्या लहानपणी आमच्या घरी प्रश्न दुसराच असायचा. कुणाच्या हातचं?

पाव आमच्या घरात फक्त तापाच्या दिवसांत यायचा. दुधात बुडवून आजाऱ्याला द्यायचा, तोही ओसरीवर. स्वयंपाकघरात त्याला मज्जाव. आजी म्हणायची, पायांनी मळतात म्हणून त्याला पाव म्हणतात. खरं तर शब्द पोर्तुगीजांचा. त्यांच्या 'पांव'चा आपण पाव केला. गोव्यात यीस्ट नव्हतं, तेव्हा पोदेर लोक माडाच्या सुरेनं पीठ आंबवत. म्हणजे पावाला एकीकडून दारूचा वास आणि दुसरीकडून ख्रिस्ती हात. विहिरीत पाव टाकला आणि ते पाणी प्यायलं की गाव बाटला, ही समजूत गोव्यापासून वसईपर्यंत पिढ्यान् पिढ्या होती. वसई १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी घेतली, पण पावाची धास्ती काही हटली नाही.

ही धास्ती केवढी मोठी होती ते १८९० मध्ये पुण्यात दिसलं. १४ ऑक्टोबरला पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानाच्या निमित्तानं शहरातली बडी मंडळी जमली. न्यायमूर्ती रानडे होते, टिळक होते. मिशनऱ्यांनी चहा-बिस्किटं पुढे केली. कुणी घेतली, कुणी हातात घेऊन खाली ठेवली. नंतर हजर असलेल्यांची नावं 'पुणेवैभव'मध्ये छापून आली आणि ग्रामण्य माजलं. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं. टिळकांनी काशीत प्रायश्चित्त घेतल्याचं सांगितलं, रानड्यांनी १८९२ मध्ये प्रायश्चित्त घेतलं. हायकोर्टाच्या न्यायाधीशपदापर्यंत जाणारा माणूस, आणि एका कपानं त्याला खाली बसवलं! रमाबाईंनी आपल्या आठवणींत हा प्रसंग लिहिलाय, तो जरूर वाचा. घरातल्या बाईला अशा वादाची झळ कशी लागते ते त्यात कळतं.

नावं छापवून आणणारे गृहस्थ कोण? गोपाळ विनायक जोशी. आपल्या डॉक्टर आनंदीबाईंचे यजमान.

इथे रोझेल येतं. गोपाळराव पोस्टात होते, काही काळ त्यांची बदली कोल्हापुरात होती. इथे अमेरिकन मिशन होतं. रॉयल वाइल्डर नावाचे मिशनरी १८५२ पासून इथे काम करत होते. पत्नीला अमेरिकेत शिकवायचं म्हणून गोपाळरावांनी मिशनकडे पत्र लिहिलं आणि ते वाइल्डरांच्या 'मिशनरी रिव्ह्यू'त छापून आलं. १८८० साली रोझेलच्या थिओडिशिया कार्पेंटर दंतवैद्याकडे ताटकळत बसल्या असताना तो अंक त्यांच्या हाती लागला. बाकीचं तुम्हाला ठाऊक आहे. १८८३ च्या एप्रिलमध्ये अठरा वर्षांच्या आनंदीबाई कलकत्त्याहून एकट्या निघाल्या आणि जूनमध्ये न्यूयॉर्कला उतरल्या. त्यांचं पहिलं घर रोझेल. हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणून परत येईन, असं त्या निघण्याआधी जाहीर बोलल्या होत्या, आणि तो शब्द ताटातही पाळायचा होता. फिलाडेल्फियाच्या थंडीत वैद्यकाचा अभ्यास आणि वर स्वतःचा स्वयंपाक स्वतः. मार्च १८८६ मध्ये त्या डॉक्टर झाल्या. कोल्हापूर दरबारानं आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलात, म्हणजे आजच्या सीपीआरमध्ये, स्त्रियांच्या विभागाचं काम त्यांना दिलं होतं. त्या रुजू होऊ शकल्या नाहीत. २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात गेल्या. बाविसावं सुरू होतं. अस्थी कार्पेंटरबाईंकडे पाठवल्या गेल्या आणि त्यांच्या कुटुंबाच्या दफनभूमीत ठेवल्या गेल्या.

रोझेलमध्ये मला पाहण्यासारखं काही सापडलं नाही. झाडं, घरं, हिरवळीवर पाणी मारणारा एक गृहस्थ. मी गाडीतून दोन फेऱ्या मारायला लावल्या, एवढंच. पण तासाभरानं त्या डायनरमध्ये माझ्यासाठी वेगळ्या पॅनमध्ये टिक्की भाजली जात होती, तेव्हा त्या मुलीची आठवण झाल्याशिवाय राहिली नाही.

आता कुणी म्हणेल, आजींना अमेरिका फारच आवडलेली दिसते. तसं नाही. अमेरिकेलाही तिचा प्रश्न होता, आणि तोही याच सँडविचच्या काउंटरवर. १ फेब्रुवारी १९६० ला नॉर्थ कॅरोलिनातल्या ग्रीन्सबरो गावी चार कृष्णवर्णीय विद्यार्थी वूलवर्थच्या दुकानात गेले. एका काउंटरवर किरकोळ वस्तू घेतल्या, पैसे दिले, ते मुकाट्यानं घेतले गेले. मग जेवणाच्या काउंटरवर बसून त्यांनी कॉफी मागितली. ती मिळेना. तेही उठेनात. दुकान बंद होईपर्यंत बसून राहिले, दुसऱ्या दिवशी आणखी मुलं घेऊन आले. सत्याग्रह गांधीजींचा, जागा फिरत्या स्टुलाची. शेवटी २५ जुलैला दुकान नमलं. त्या दिवशी काउंटरवर पहिल्यांदा जेवले ते दुकानातलेच कृष्णवर्णीय कर्मचारी. त्यांतल्या जिनिव्हा टिस्डेल या बाईंनी एग सॅलड सँडविच घेतलं. ते बनवण्याचं काम त्यांचंच होतं!

यावर मी बरेच दिवस विचार करत होते. तिथल्या गोऱ्यांना त्या बाईंच्या हातचं सँडविच वर्षानुवर्षं चालत होतं. शेजारच्या स्टुलावर त्या चालत नव्हत्या. आपल्याकडे मुळात हातच चालत नव्हता, मग शेजारी बसणं दूरच. यात कमी वाईट कोणतं हे मला ठरवता येत नाही, आणि ठरवायची गरजही वाटत नाही. कायद्याच्या बाबतीत मात्र आपण पुढे होतो. दुकानं, उपाहारगृहं, हॉटेलं इथे जातीवरून कुणाला अडवता येणार नाही, हे आपल्या घटनेच्या पंधराव्या कलमात १९५० पासून आहे. त्यांचा तसा कायदा १९६४ चा. घटनेचा मसुदा करणाऱ्या समितीचे अध्यक्ष बाबासाहेब, १९१३ ते १९१६ न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात शिकले. परदेशातल्या वर्षांत आपण अस्पृश्य आहोत याची जाणीवच पुसली गेली होती, असं त्यांनी पुढे लिहिलं. परत येऊन बडोद्याला नोकरीवर गेले, तर एवढ्या शिकलेल्या माणसाला उतरायला जागा मिळेना.

आणि कोल्हापूर? इथे याचं उत्तर कायद्याच्याही आधी दिलं गेलं होतं. गंगाराम कांबळे हे शाहू महाराजांच्या पदरी नोकर. पाण्याला शिवले म्हणून त्यांना मारहाण झाली. महाराजांनी मारणाऱ्यांना शिक्षा केली, आणि कांबळ्यांना स्वतःचा धंदा काढायला सांगितलं. भाऊसिंगजी रोडवर 'सत्यसुधारक हॉटेल' उघडलं. चहा उत्तम, जागा स्वच्छ, पण महाराचं हॉटेल म्हणून गिऱ्हाईक फिरकेना. महाराजांना कळलं. मग त्यांची घोडागाडी हॉटेलसमोर थांबू लागली. महाराज रस्त्यावर सगळ्यांदेखत कांबळ्यांच्या हातचा चहा घेत आणि बरोबरच्या ब्राह्मण-मराठा मंडळींनाही घ्यायला लावत. राजानं घेतला म्हटल्यावर नाही कोण म्हणणार? पुढे महाराजांनी कांबळ्यांना सोडावॉटरचं यंत्रही घेऊन दिलं. १९२२ मध्ये महाराज गेले, म्हणजे ग्रीन्सबरोच्या आधी अडतीस-चाळीस वर्षांची ही गोष्ट.

आमच्या आजीच्या तरुणपणीच, याच गावात, हे सगळं घडत होतं. तिच्या तोंडून मी ते कधी ऐकलं नाही. मला ते कळलं शिक्षिका झाल्यावर, आणि पाठ्यपुस्तकातून नव्हे.

मध्यंतरी हे सगळं नातीला फोनवर सांगितलं. आता ती कॉलेजात आहे. ग्रीन्सबरो तिला शाळेतच शिकवलेलं, टिस्डेलबाईंचं सँडविच आणि गंगाराम कांबळे मात्र नवे. पुढच्या डिसेंबरात येते म्हणाली. आल्यावर भाऊसिंगजी रोडवरून चालत न्यायचं कबूल केलंय, आणि मग मिसळ खायला. सांगून ठेवलंय की कोल्हापुरात मिसळीबरोबर गोल पाव मागू नकोस, लोक हसतील, इथे स्लाइस मिळतो.

"म्हणजे सँडविचच की, आजी," म्हणाली.