दोन खिडक्यांचे कॅमेरे

१९४८च्या जानेवारीत दिल्लीत फिरणाऱ्या दोन छायाचित्रकारांची हत्यारे परस्परांच्या अगदी विरुद्ध होती. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेल्या होमाई व्यारावाला यांच्याकडे स्पीड ग्राफिक होता, तर आंरी कार्तिए-ब्रेसाँ यांच्याकडे लायका.

दोन्ही कॅमेऱ्यांत अंतर मोजण्याचे तत्त्व एकच. रेंजफाइंडरच्या दोन खिडक्यांतून आलेल्या प्रतिमा भिंग पुढेमागे केले की एकमेकींवर बसतात. त्या जुळल्या की फोकस झालाच. लायकात ही सोय १९३२ साली अंगचीच आली. स्पीड ग्राफिकवर मात्र रेंजफाइंडर बहुधा वेगळा, कडेला बसवलेला असे.

फरक होता तो सोबतच्या सामानात. स्पीड ग्राफिकच्या एका होल्डरमध्ये फिल्मचे दोनच पत्रे बसत. एक फोटो झाला की झाकणपट्टी घाला, होल्डर उलटा करा, पट्टी पुन्हा ओढा. शिवाय फ्लॅशचा बल्ब एकदाच पेटे. पुढच्या फोटोला नवा. हे सगळे ओझे घेऊन साडीतल्या होमाईबाई दिल्लीत सायकलवरून फिरत.

लायकाच्या एका रिळात ३६ फोटो निघत. कार्तिए-ब्रेसाँ फ्लॅश टाळत.

तरीही त्या काळच्या लायकात फोकस एका झरोक्यातून, तर चौकट दुसऱ्यातून पाहावी लागे. कॉन्टॅक्स-२ या दुसऱ्या कॅमेऱ्याने १९३६ सालीच दोन्ही एकत्र आणले होते. लायकाला त्यासाठी १९५४च्या एम-३पर्यंत थांबावे लागले.

होमाईबाईंनी १९७० साली व्यवसाय सोडला. २०११ साली त्यांना पद्मविभूषण मिळाले.