सांडपाण्यातलं नत्र आणि बायोचार : कोळसा नेमकं काय काम करतो?

शौचालयाच्या टाकीतून निघालेलं पाणी नालीत जातं, जमिनीत मुरतं आणि जवळच्या विहिरीत किंवा बोअरमध्ये उतरू शकतं. त्यातलं नत्र नायट्रेट होऊन पिण्याच्या पाण्यात येतं. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात नायट्रेट लिटरला ४५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको. त्याला ना रंग, ना वास. पाणी उकळलं तरी ते जात नाही, उलट पाणी आटून त्याचं प्रमाण वाढतं. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाच्या वरच्या दुधात असं पाणी गेलं तर बाळाचं रक्त प्राणवायू नीट वाहू शकत नाही, अंग निळं पडतं.

नत्र निघतं कसं?

घरच्या सांडपाण्यातलं बहुतेक नत्र लघवीतून येतं. ते काढायचं काम जिवाणू दोन टप्प्यांत करतात. पहिल्या टप्प्याला हवा लागते. इथे अमोनियाचं नायट्रेट होतं. शेतात युरिया टाकल्यावर जमिनीत हेच होतं. दुसऱ्या टप्प्याला हवा चालत नाही. इथले जिवाणू सेंद्रिय पदार्थ खातात आणि नायट्रेटमधला प्राणवायू वापरतात. उरलेलं नत्र वायू होऊन हवेत जातं. हवेत ७८ टक्के नत्रच असल्याने त्याचा त्रास नाही.

बायोचारचा उपयोग काय?

पऱ्हाटी, तुराट्या किंवा लाकूड अगदी कमी हवेत भाजलं की बायोचार तयार होतो. हा कोळसा बारीक छिद्रांनी भरलेला असतो. पहिल्या टप्प्यातले जिवाणू हळू वाढतात आणि पाण्यासोबत वाहून जातात. छिद्रांत त्यांना घर मिळतं. शिवाय कोळसा अमोनिया काही काळ धरून ठेवतो, म्हणजे जिवाणूंना काम करायला वेळ मिळतो.

वापर कसा करतात?

खडी-वाळूच्या वाफ्यात कर्दळ किंवा पाणकणीस लावून त्यातून सांडपाणी सोडतात. खडीच्या एका थरात बायोचार मिसळतात. वाफा काही तास भरलेला आणि काही तास रिकामा ठेवला, की दोन्ही टप्पे आलटून पालटून होतात.

हे लक्षात ठेवा

- चुलीतली राख म्हणजे बायोचार नव्हे.
- रंगवलेलं लाकूड किंवा प्लास्टिक जाळून कोळसा करू नका.
- भुकटी नको, वाफा तुंबतो. खडीएवढे तुकडे धुऊन वापरा.
- दुसऱ्या टप्प्यातल्या जिवाणूंना सेंद्रिय खाद्य लागतं. नुसता कोळसा ते पुरवत नाही.
- वाफ्यातून निघालेलं पाणी पिण्याजोगं नसतं.
- काढलेल्या कोळशात रोगजंतू असू शकतात. नीट कंपोस्ट केल्याशिवाय तो शेतात टाकू नका, भाजीपाल्याला तर नकोच.

वाफा केला तरी विहिरीतलं आधीचं नायट्रेट लगेच जात नाही. म्हणून घरात तान्हं बाळ असेल तर आधी ग्रामपंचायतीला सांगून पाण्याचा नमुना तपासून घ्या. अहवाल येईपर्यंत बाळाच्या दुधासाठी त्या विहिरीचं पाणी वापरू नका.