गुजिया आणि हितगुज

लष्कर, ग्वाल्हेर. मराठी घरांत दिवाळीला करंजी, शेजारी होळीला गुजिया. पारी तीच, मुरडही जवळजवळ तीच, फरक सारणाचा. इथे सुकं खोबरं, तिथे भाजलेला मावा. मग नावं इतकी वेगळी कशी?

करंजी सोपी आहे. करंजाच्या झाडाची चपटी, टोकाला किंचित वळलेली शेंग हातात घ्या, नाव आपोआप कळतं. गुजियाची गोष्ट अधिक मजेची. संस्कृत ‘गुह्य’, म्हणजे लपवलेलं. प्राकृतात त्याचं ‘गुज्झ’ झालं आणि त्यातून हिंदीत गुझिया, गुजिया. पोटात सारण लपवणारी ती गुजिया! याच ‘गुह्य’पासून मराठीत ‘गूज’ आलं, ‘हितगुज’ आलं. म्हणजे शेजारणीचा शब्द आपल्याच गोतातला निघाला. आपण मात्र तो बोलण्यासाठी ठेवला, खाण्यासाठी नाही.

जवळच मुरारच्या छावणीत १८८६ पर्यंत इंग्रजी फौज होती. त्यांच्या देशात नाताळला ‘मिन्स पाय’ खातात, तोही सारण भरलेलाच. मिन्स म्हणजे बारीक चिरणं. पूर्वी सारणात खरोखर मांस असे. आता मनुका, सफरचंद, दालचिनी, जायफळ. मांस गेलं तरी सारणाला अजून ‘मिन्समीट’च म्हणतात.

आकार, गुपित, सुरी: तिघांनी तीन गोष्टी पाहिल्या. माझं मत विचाराल, तर नावात गुजिया सरस. खायला मात्र करंजीच.